जुना संगणक मंदावला आहे : नवा घेण्याआधी काय तपासावे

घरातला सहा-सात वर्षांचा संगणक सुरू व्हायला चार-पाच मिनिटे घेऊ लागला किंवा ब्राउझर उघडताच लटकू लागला, की तो दुकानात जातो आणि तिथे बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळते : ‘फॉरमॅट मारून देतो’ किंवा ‘आता नवाच घ्या’. दोन्ही उत्तरे काही वेळा बरोबर असतात. पण नेमके काय बिघडले आहे हे न पाहता दिलेले उत्तर बरोबर निघाले, तरी तो योगायोगच म्हणायचा. प्रोसेसर वय झाले म्हणून मंदावत नाही. त्याला माहिती पुरवणारी डिस्क, काम मांडायला लागणारी मेमरी, त्याला थंड ठेवणारा पंखा आणि त्याच्यापर्यंत येणारी वीज या चारपैकी कुठेतरी अडथळा आलेला असतो, किंवा सॉफ्टवेअरची भूक वाढलेली असते. यातले बरेचसे घरी बसून, पैसे न मोजता तपासता येते, आणि पन्नास हजार रुपयांचा लॅपटॉप घेण्यापूर्वी एक संध्याकाळ या तपासणीला द्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

सर्वांत आधी बॅकअप

संगणकाला हात लावण्यापूर्वी त्यातली छायाचित्रे, कागदपत्रे, हिशेबाच्या फाइली आणि ब्राउझरमधले पासवर्ड बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावेत. फाइल उघडताना संगणक मिनिटभर गोठत असेल, किंवा हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर हे काम त्याच दिवशी करावे. अशा डिस्कवर डीफ्रॅगमेंट किंवा डिस्क तपासणीचा प्रोग्राम चालवणे धोक्याचे असते, कारण मरणपंथाला लागलेल्या डिस्कला तासन्‌तास वाचन-लेखनाला जुंपले की उरलीसुरली माहितीही हातची जाऊ शकते. आधी माहिती, मग दुरुस्ती, हा क्रम कोणत्याही परिस्थितीत बदलू नये.

मराठी वापरकर्त्यांसाठी इथे एक खास गोष्ट आहे, आणि ती दुकानदार बहुधा विचारत नाही. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला संकेत देण्याची पद्धत, रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव यांसारख्या फाँटांत टाइप केलेला मजकूर आजही अनेक घरांत, संस्थांत आणि छापखान्यांत आहे. त्या फाइलींत मराठी अक्षरांचे संकेत नसतात. रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवायचे काम फाँट करत असतो. फॉरमॅटनंतर तो फाँट गेला, की फाइल शाबूत असूनही समोर निरर्थक चिन्हांची रांग दिसते. म्हणून विंडोजच्या फाँट फोल्डरचीही प्रत घ्यावी, कोणते सॉफ्टवेअर आणि कोणती आवृत्ती वापरत होतो ते लिहून ठेवावे, आणि महत्त्वाच्या मजकुराच्या पीडीएफ प्रती आधीच काढून ठेवाव्यात.

दुसरी खबरदारी अलीकडच्या लॅपटॉपसाठी आहे. अनेक लॅपटॉपमधली डिस्क विंडोजने आपोआप कुलूपबंद केलेली असते. बायोसमधली (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्राममधली) एखादी सेटिंग बदलली किंवा मदरबोर्ड बदलला, की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते; ती आधी पाहून कागदावर उतरवून घ्यावी. ती नसेल तर दुरुस्ती करणाऱ्या कितीही कुशल माणसाला ती माहिती परत मिळवून देता येत नाही.

संगणकालाच विचारणे

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातला परफॉर्मन्स हा भाग उघडा ठेवून नेहमीचे काम करावे आणि संगणक अडखळतो त्या क्षणी सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांपैकी कोण शंभर टक्क्यांना टेकले आहे ते पाहावे. निदानाचा अर्धा भाग इथेच होतो. त्याच पडद्यावर डिस्क एचडीडी (फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क) आहे की एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी), रॅमचे, म्हणजे मेमरीच्या पट्ट्यांचे, किती स्लॉट भरलेले आहेत, हेही बहुधा दिसते, म्हणजे कॅबिनेट न उघडता पुढचा अंदाज बांधता येतो.

सीपीयूच्या पानावर ‘अप टाइम’ असा आकडा असतो. आपण रोज रात्री संगणक बंद करत असूनही तो आकडा कित्येक दिवसांचा दिसू शकतो, कारण विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’ने प्रणालीचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि सकाळी तीच पुन्हा उचलली जाते. ‘रीस्टार्ट’ मात्र सगळे नव्याने सुरू करतो. त्यामुळे कोणतीही खोल तपासणी करण्यापूर्वी एकदा रीस्टार्ट करून पाहावे. स्टार्टअपच्या यादीतले अनावश्यक प्रोग्राम बंद करावेत, दोन अँटिव्हायरस एकत्र चालत असतील तर एक काढावा, आणि ज्या ड्राइव्हवर विंडोज आहे त्यावर पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवावी.

डिस्क : बहुतेक वेळा इथेच सापडते

डिस्कचा आकडा सतत शंभर टक्के आणि वाचनाचा वेग मात्र सेकंदाला एक-दोन एमबी, असे चित्र दिसले तर कारण जवळपास निश्चित झाले. हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणारी तबकडी असते आणि एक छोटा हात तिच्यावर जागा शोधत फिरतो. सलग मोठी फाइल वाचताना ती शंभर-दीडशे एमबीचा वेग देते. पण विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली तबकडीच्या वेगवेगळ्या भागांतून लागतात, आणि तसे शोध ती सेकंदाला साधारण शंभरच घेऊ शकते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्याने तसेच हजारो शोध सेकंदाला होतात. म्हणूनच २०१३-१४ सालचा संगणकसुद्धा एसएसडी बसवल्यावर पाच मिनिटांऐवजी अर्ध्या मिनिटात कामाला तयार होतो. जुन्या यंत्रावर करण्यासारखा याहून गुणकारी खर्च मला माहीत नाही.

खरेदीपूर्वी आपल्या यंत्रात काय बसते हे पक्के करावे. जुन्या लॅपटॉप-डेस्कटॉपमध्ये अडीच इंची साटा (डिस्क जोडण्याची जुनी पद्धत) एसएसडी बसते. तिचा वेग सेकंदाला सुमारे ५५० एमबीपर्यंत जातो. नव्या मदरबोर्डवर एम.२ नावाची अरुंद खाच असते आणि तीत बसणारी पट्टी साधारणपणे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब असते. इथेच फसगत होते, कारण एम.२ हा केवळ आकार आहे. त्या आकारात साटा एसएसडीही मिळते आणि एनव्हीएमई (जोडणीची नवी, जास्त वेगवान पद्धत) एसएसडीही मिळते, आणि काही लॅपटॉप त्यांपैकी एकच ओळखतात. एम.२ साटा पट्टीला बहुधा दोन खाचा असतात आणि एनव्हीएमई पट्टीला बहुधा एकच. तरीही लॅपटॉपच्या मॉडेलचे मॅन्युअल पाहूनच घ्यावी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाणार असाल, तर मॉडेल क्रमांकाचे आणि शक्य असल्यास उघडलेल्या मागच्या झाकणाचे छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवा. तोंडी वर्णनावर घेतलेली पट्टी परत करायला दुसरी फेरी पडते.

एसएसडीवर जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे क्लोन करता येतो, किंवा विंडोज नव्याने टाकता येते. जुनी डिस्क निरोगी असेल आणि त्यातले मराठी सॉफ्टवेअर पुन्हा मिळणार नसेल तर क्लोन करावा. एरवी नव्याने टाकलेले विंडोजच बरे. मूळ परवाना डिजिटल असेल तर तो मदरबोर्डशी जोडलेला असतो, त्यामुळे फक्त डिस्क बदलल्यावर त्याच आवृत्तीचे विंडोज इंटरनेट मिळताच आपोआप सक्रिय होते. त्यासाठी कोणी वेगळे पैसे मागत असेल तर विचारपूस करावी.

डिस्क निरोगी आहे की नाही हे ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ या मोफत प्रोग्राममध्ये दिसते. हार्ड डिस्कच्या बाबतीत त्यातल्या ‘रिअलोकेटेड सेक्टर्स’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर्स’ या दोन ओळी पाहाव्यात. त्यांत शून्याखेरीज काही असेल आणि आठवड्याभरात ते वाढत असेल, तर डिस्क कितीही व्यवस्थित चालताना दिसली तरी तिच्यावर विसंबू नये.

मेमरी

मेमरीचा आकडा नव्वद टक्क्यांवर असेल तर रॅम कमी पडते आहे. ४ जीबीवर आजचा ब्राउझर आणि विंडोज एकत्र सुखाने नांदत नाहीत. ८ जीबीवर घरगुती काम भागते. नवे घ्यायचे असेल तर १६ जीबी घ्यावी. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या पिढ्यांच्या पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे एक दुसरीत बसत नाही, आणि लॅपटॉपची पट्टी डेस्कटॉपपेक्षा आखूड असते. २०२५च्या अखेरीपासून एआय सर्व्हरच्या मागणीमुळे रॅमच्या किमती जोरात चढल्या, म्हणून आधी एसएसडी बसवून पाहावी आणि त्यानंतरही मेमरी भरतच राहिली तर रॅम घ्यावी. बंद कंपन्यांतून आलेल्या जुन्या डीडीआर३ पट्ट्या बाजारात मिळतात आणि त्या बऱ्याचदा चांगल्या निघतात. फक्त रात्रभर ‘मेमटेस्ट’ लावून एकही चूक येत नाही याची खात्री करावी.

उष्णता आणि धूळ

पहिली दहा मिनिटे संगणक चांगला चालतो, मग पंखा घोंघावू लागतो आणि सगळे संथ होते, अशी तक्रार असेल तर डिस्कला दोष देऊ नये. प्रोसेसरचे तापमान शंभर अंशांच्या आसपास गेले की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. विदर्भातल्या मे महिन्यात खोलीतलीच हवा चाळीस अंशांवर असते, तेव्हा ही तक्रार हमखास येते.

लॅपटॉपचे मागचे झाकण काढल्यावर पंखा बहुधा स्वच्छ दिसतो आणि माणूस समाधानाने झाकण परत लावतो. धूळ पंख्यावर नसते. पंखा आणि तांब्या-ॲल्युमिनियमच्या बारीक पात्यांची जाळी यांच्या सांध्यात तिचा नमद्यासारखा घट्ट थर बसलेला असतो आणि पंखा उचलल्याखेरीज तो दिसत नाही. बारीक स्क्रू सोडवून पंखा अलगद वर घेतला, की तो थर चिमट्याने एका तुकड्यात निघतो. ब्लोअर वापरायचा असेल तर पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर ती हवेच्या झोताने भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नये, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. पाच-सहा वर्षांनी प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून कडक झालेली असते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी थोडीशी लावावी.

कोकणात आणि गोव्यात प्रश्न उलटा असतो. तिथे पावसाळ्यात दमटपणामुळे रॅमच्या आणि केबलच्या संपर्कांवर थर चढतो. त्या चार महिन्यांत संगणक आठवडेच्या आठवडे बंद ठेवण्यापेक्षा रोज अर्धा तास चालू करणे चांगले, कारण आतली ऊब ओल टिकू देत नाही. डेस्कटॉपच्या मागच्या रिकाम्या फटींना पत्र्याच्या पट्ट्या लावून घ्याव्यात. मुंग्या आणि पाली एसएमपीएसमध्ये (संगणकाच्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यात) शिरून तो जाळतात.

वीज

संगणक मधूनच आपोआप रीस्टार्ट होतो, खेळ किंवा व्हिडिओ लावला की बंद पडतो, अशा वेळी विंडोज पुन्हा टाकण्यात दिवस घालवण्याआधी वीज तपासावी. बायोसमध्ये १२ व्होल्टच्या ओळीवर ११.४ ते १२.६ यांच्या बाहेरचा आकडा दिसला तर एसएमपीएस संशयित धरावा, आणि शक्य असल्यास मल्टिमीटरने खात्री करावी. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर छापलेल्या वॅटांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही; नामांकित कंपनीचा, खरोखर तेवढे वॅट देणारा एसएमपीएस घेणे हा वायफळ खर्च नव्हे.

कॅबिनेटच्या पत्र्याला किंवा तीन पिनांच्या चार्जरवर असलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावल्यावर मुंग्या येतात, हे अनेक घरांत ‘असतेच थोडे’ म्हणून सोडून दिले जाते. ते सोडून देऊ नये. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात आणि त्यांतून येणारा अगदी अल्प प्रवाह अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जाणे अपेक्षित असते. अर्थिंगच नसेल तर पत्रा २३० व्होल्टच्या जवळपास निम्म्या दाबावर लटकून राहतो. प्रवाह अल्प असल्यामुळे फक्त मुंग्या येतात, पण उद्या आत खरोखर फेज पत्र्याला लागली तर वाचवणारी तार तिथे नाही, हाच त्याचा अर्थ आहे. वायरमनला बोलावून फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ यांमधला दाब मोजून घ्यावा. दोन्ही जवळपास सारखे आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच असावेत. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कनेक्टरमधून लावण्याची सवय मोडावी.

यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते. सगळे काम सेव्ह करून, भिंतीवरचे बटण बंद करून, संगणक किती मिनिटे तग धरतो ते वर्षातून दोनदा पाहावे. यूपीएसवर लेझर प्रिंटर कधीही लावू नये. तो तापताना ओढतो ती वीज यूपीएसच्या कुवतीबाहेरची असते. घराच्या इन्व्हर्टरवर डेस्कटॉप चालवायचा असेल तर इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा आणि त्यावरचे बटण यूपीएस मोडवर असावे, म्हणजे वीज जाताना संगणक बंद पडत नाही.

तारीख दरवेळी कित्येक वर्षे मागे जाते आणि त्यामुळे बँकेची साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणते, ही तक्रार मात्र भीतीदायक दिसली तरी किरकोळ आहे. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्यासारखा ३ व्होल्टचा सेल बदलला की ती मिटते.

डिस्प्लेच येत नसेल तर

पंखा फिरतो पण पडदा काळा, अशी स्थिती असेल तर आधी मॉनिटरची केबल पाहावी. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाला लावायची असते, मदरबोर्डला नाही. मग प्लग काढून, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवून, रॅमच्या पट्ट्या काढाव्यात. दुरुस्तीवाले पट्टीच्या सोनेरी कडेवर खोडरबर फिरवतात. त्याने काम होते, पण हलक्या हाताने फिरवावे आणि रबराचा भुसा पूर्ण पुसावा. एकेक पट्टी, एकेका स्लॉटमध्ये लावून पाहिली की पट्टी वाईट की स्लॉट वाईट हे कळते. लॅपटॉपच्या बाबतीत चार्जर काढून, बॅटरी सुटी होत असेल तर तीही काढून, पॉवरचे बटण तीस सेकंद दाबून धरावे आणि मग फक्त चार्जरवर सुरू करावा.

लॅपटॉपचा टचपॅड वर उचललेला दिसला किंवा तळ फुगला, तर बॅटरी फुगली आहे. त्या क्षणी चार्जिंग थांबवावे. ती दाबून बसवणे किंवा टोचणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

दुरुस्ती कुठे थांबवावी

विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांसाठी मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी ठेवण्यात आली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) आणि साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका व त्यापुढचा प्रोसेसर लागतो. काही यंत्रांत टीपीएम असूनही बायोसमध्ये बंद असते, म्हणून मायक्रोसॉफ्टचा ‘पीसी हेल्थ चेक’ चालवून नेमके काय अडते ते पाहावे. प्रोसेसरच जुना असेल आणि काम ब्राउझर, पत्रव्यवहार, व्हिडिओ एवढेच असेल, तर एसएसडी बसवून लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली टाकावी. युनिकोड मराठी त्यात व्यवस्थित चालते. मात्र जुन्या फाँटांचे सॉफ्टवेअर, टॅली किंवा डिजिटल सहीचे टोकन यांवर काम असेल तर तो मार्ग धरू नये.

मदरबोर्ड गेला, किंवा रॅम, डिस्क आणि बॅटरी मिळून खर्च चांगल्या नूतनीकृत लॅपटॉपच्या निम्म्यावर गेला, की थांबावे. नवा घेताना ‘आय ५ आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. २०१४चाही आय ५ असतो. पिढी विचारावी, रॅम मदरबोर्डला डाखलेली आहे की स्लॉट मोकळा आहे ते विचारावे, ईएमएमसी (एसएसडीपेक्षा संथ, बहुधा मदरबोर्डलाच डाखलेली) साठवण असलेला स्वस्त लॅपटॉप टाळावा, आणि आपल्या तालुक्याच्या गावी घरी येऊन सेवा मिळते का हे बिल होण्यापूर्वी लेखी घ्यावे. नूतनीकृत लॅपटॉपच्या बाबतीत बायोसला जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिलेला नाही ना, हे दुकानातच बायोस उघडून पाहावे. बिलावर अनुक्रमांक हवाच; वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करताना तोच लागतो.

जुने यंत्र भंगारात देण्यापूर्वी डिस्क काढून घ्यावी. क्विक फॉरमॅटने माहिती पुसली जात नाही, फक्त तिची यादी पुसली जाते. हार्ड डिस्कवर एकदा पूर्ण नव्याने लिहून घ्यावे आणि एसएसडीसाठी निर्मात्याच्या प्रोग्राममधला सिक्युअर इरेज वापरावा. उरलेला सांगाडा अधिकृत ई-कचरा केंद्रात द्यावा. आणि काढलेली हार्ड डिस्क निरोगी असेल तर बाजारात तिच्यासाठी यूएसबीचे स्वस्त कव्हर मिळते. त्यात ती घालून बॅकअपची दुसरी प्रत म्हणून ठेवावी, पहिली म्हणून नाही.